पिन काढताना

लोणावळ्याच्या पावसात खिडकीचे गज गंजतात, तिथे कॉमिकची पिन किती टिकणार? तुंगार्लीतले एक निवृत्त गृहस्थ महाबली वेताळाच्या, म्हणजे फँटमच्या, जुन्या वस्तू आणि ‘इंद्रजाल’चे अंक जमवतात, असं कळलं तेव्हा पहिल्यांदा हेच मनात आलं. घाटमाथ्यावरच्या ओलीत कागद सांभाळायचा म्हणजे पावसाशी उभा दावाच. म्हणून मुद्दाम गेलो.

दार उघडताच वेखंडाचा वास आला. कसर लागू नये म्हणून कपाटात पुरचुंड्या ठेवलेल्या.

“‘इंद्रजाल’ मार्च १९६४ ते १९९०. एकूण ८०३ अंक निघाले,” काकांनी बसायच्या आधीच सांगितलं. क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे निघालेच नाहीत. “नवखे नेमके तेच दोन शोधत फिरतात,” असं म्हणून ते मनापासून हसले.

समोर एक मराठी अंक होता. मधलं पान उघडून त्यांनी बोथट सुरीने पिनेचे दुमडलेले पाय हळूच उचलले. एक पाय मोडला आणि तांबूस भुकटी वेताळाच्या घोड्यावर सांडली. मी फुंकर घालायला वाकलो, तर त्यांनी हातानेच थांबवलं. फुंकरीतही ओल असते. भुकटी मऊ ब्रशने झटकली, मग पाठीकडून पिन ओढली आणि जुन्याच भोकांतून सुती दोरा ओवला. पानं वाळवणं, वजनाखाली दाबणं ही कामं नेहमीचीच.

पत्र्याच्या डबीत फँटम सिगारेटच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट होतं आणि एक कवटीची अंगठी. ही अंगठी काकांनी लहानपणी कार्ल्याला एकवीरेच्या जत्रेत घेतलेली. वेताळाची कवटीची अंगठी उजव्या हातात, शुभचिन्हाची डाव्या हातात. काकांकडे फक्त कवटी. तिचे डोळे पार झिजलेत.

जुने अंक विकत घेणाऱ्या गिऱ्हाईकांना मात्र कोरा अंक हवा असतो. नाव नको, शिक्का नको, दुमड नको. आपल्याकडे तर सुट्टीत दहा-बारा अंक एकत्र बाइंड करायचे. बाइंडर कडा छाटायचा, कधी त्यात चित्रंही कापली जायची. काकांच्या बऱ्याच अंकांवर वाचनालयाचे जांभळे शिक्के आहेत. ते पुसायचा प्रयत्न त्यांनी कधी केला नाही.

“८०३ पूर्ण व्हायचे नाहीत,” गाठ मारता मारता ते म्हणाले. त्यात खंत नव्हती, हिशेब होता.

प्लास्टिकमध्ये बंद करून भाव वाढायची वाट बघणाऱ्यांपेक्षा मला हे दोरा ओवणं जास्त पटलं. पोरांनी वाचून वाचून मऊ केलेला अंकच खरा जपण्यासारखा. तुमच्या माळ्यावर असे अंक असतील, तर जून लागायच्या आत खाली काढा. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. आणि रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी घरातल्या एखाद्या पोराला वाचायला द्या.