धोक्याची हांक आणि ऐकणारा कान

नाशिकच्या पश्चिमेस, त्र्यंबकेश्वराच्या रस्त्यावर, सातपूरची औद्योगिक वसाहत पसरलेली आहे. यंत्रावर हिरवा दिवा असेल तर काम सुरळीत, पिवळा लागला तर लक्ष द्यावयाचें आणि तांबडा लागला तर हात आवरावयाचा, ही भाषा तेथील कारखान्यांत काम करणारांस पाठ असते. याच कुटुंबांतील मुलेंबाळें आज ओझरच्या किंवा मुंबईच्या विमानतळावरून दूरदेशीं जातात. ज्या विमानाच्या हवालीं आपण आपलीं माणसें करितों, त्याच्या चालकांस धोक्याची सूचना कशी मिळते, हें जाणून घेणें म्हणूनच घरच्या जिव्हाळ्याचें आहे. कारखान्यांतील यंत्र बिघडलें तर तें बंद करून उघडून पाहतां येतें. आकाशांतील विमानास ती सवड नसते.

पहिला धडा मुंबईच्या समुद्रावर मिळाला. १ जानेवारी १९७८ च्या रात्रीं एअर इंडियाचें 'एम्परर अशोक' हें बोइंग ७४७ विमान सांताक्रूझहून दुबईस निघालें. काळोखांत समुद्रावर क्षितिज दिसत नाहीं. विमान सरळ आहे कीं कललें आहे, हें चालकास कृत्रिम क्षितिज दाखविणाऱ्या यंत्रावरून ओळखावें लागतें. मुख्य वैमानिकापुढील तें यंत्र बिघडलें, व उजवें वळण घेऊन सरळ झालेलें विमान त्यास अजून उजवीकडेच कललेलें दिसूं लागलें. त्यानें तें डावीकडे कलविलें आणि कलवीतच राहिला. ताडून पाहण्यास आणखी दोन यंत्रें तेथें होतीं; विमान-अभियंत्यानें त्या एकावर विसंबूं नये असें सुचविलेंही; परंतु तोंवर वेळ उरला नव्हता. उड्डाणापासून दोन मिनिटांच्या आंत विमान वांद्र्यासमोर समुद्रांत कोसळलें व २१३ माणसें प्राणांस मुकलीं. गप्प बसलेल्या यंत्रापेक्षां खोटें सांगणारें यंत्र अधिक घातक, असा या घटनेचा बोध आहे.

यंत्र खरें बोललें, पण संदिग्ध बोलले, तरी अनर्थ टळत नाहीं. १४ ऑगस्ट २००५ रोजीं सायप्रसहून अथेन्सला जाणाऱ्या हेलिऑस कंपनीच्या बोइंग ७३७ विमानांत हवेचा दाब राखला जात नव्हता. त्याची सूचना देणारा भोंगा वाजला. परंतु उड्डाणापूर्वीची जुळणी चुकल्यासही नेमका तोच भोंगा वाजत असे. चालकांनीं त्याचा दुसराच अर्थ केला. विरळ हवेनें ते बेशुद्ध झाले, आणि विमानांतील १२१ जणांपैकीं कोणीही वांचलें नाहीं. पुढें अमेरिकन अधिकाऱ्यांनीं त्या जातीच्या विमानांत या दोन धोक्यांसाठीं निरनिराळे दिवे बसविणें सक्तीचें केलें.

१९८२-८३ च्या सुमारास बोइंग ७५७ व ७६७ आणि एअरबस ए-३१० हीं विमानें आलीं. त्यांत विमान-अभियंत्याची तिसरी जागा गेली व सर्व भार दोघां वैमानिकांवर आला. त्यामुळें सूचनांस शिस्त लावणें भाग पडलें. तांबडी सूचना म्हणजे तत्काळ कृति, पिवळसर म्हणजे तत्काळ लक्ष, आणि त्याखालीं नुसती माहिती, अशा पायऱ्या ठरल्या. सर्व ठीक असतां शक्य तितके दिवे विझलेलेच असावेत, म्हणजे लागलेला दिवा डोळ्यांत भरतो, असें धोरण स्वीकारलें गेलें. इतकेंच नव्हे, तर धावपट्टीवर विमानानें ठराविक वेग घेतल्यापासून तें कांहीं उंचीवर पोहोंचेपर्यंत कमी महत्त्वाच्या सूचना यंत्र स्वतःच अडवून धरतें. कारण त्या क्षणीं भलतीकडे वेधलेलें लक्ष बिघाडापेक्षांही महाग पडतें. केव्हां बोलावें याइतकेंच केव्हां बोलूं नये हेंही यंत्रास शिकवावें लागलें.

परंतु एवढ्यानेंही काम पुरें होत नाहीं. २२ मे २०१० रोजीं दुबईहून मंगळूरला आलेलें एअर इंडिया एक्सप्रेसचें विमान प्रमाणाबाहेर उंचावरून उतरूं लागलें. यंत्र विमान वर घेण्याविषयीं वारंवार बजावीत होतें; सहवैमानिकानेंही उतरणें सोडून पुन्हां वर जाण्यास तीन वेळां सुचविलें. मुख्य वैमानिकानें तें मनावर घेतलें नाहीं. विमान धावपट्टी ओलांडून दरींत गेलें आणि १५८ माणसें दगावलीं. येथें इशारा स्पष्ट होता, वेळेवर होता, शिवाय शेजारीं बसलेल्या माणसाच्या तोंडूनही आला होता.

म्हणून वैमानिकांच्या शिक्षणांत आतां हाही विषय शिकविला जातो, कीं कनिष्ठानें भीड न धरितां स्पष्ट बोलावें व वरिष्ठानें त्यांत आपला अपमान मानूं नये. आमच्या एकत्र कुटुंबांत वडिलांचा शब्द मोडूं नये ही रीत आहे आणि ती आम्हांस प्रियही आहे. परंतु धाकट्या सुनेनें किंवा शाळकरी मुलानें धोक्याची जाणीव करून दिली, तर ती प्रथम ऐकून घ्यावी व मानापमानाचा विचार मागाहून करावा, हें वडिलकीस कमीपणा आणणारें नाहीं. हांक मारणारीं यंत्रें मनुष्यानें पुष्कळ निर्माण केलीं. ओ देणें मात्र ज्याचें त्याच्याच हातीं राहिलें आहे.