लिनक्सवर विकतची डीव्हीडी का अडते?

घरच्या मुंजीची डीव्हीडी लिनक्सच्या संगणकात घातली की बिनबोभाट चालते. दुकानातून आणलेली चित्रपटाची डीव्हीडी मात्र अडून बसते. आतल्या फायली दिसतात, पण प्लेअर एरर देतो किंवा पडद्यावर हिरवे-गुलाबी चौकोन उमटतात. तबकडी खराब झाली असं समजून ती टाकून देऊ नका. बहुतेक वेळा तिला काहीही झालेलं नसतं.

कुलूप कुठे आहे

विकतच्या बहुतेक डीव्हीडींवर सीएसएस नावाचं कुलूप असतं. 1996 पासून ते वापरात आहे. किल्ली परवाना घेतलेल्या कंपन्यांनाच मिळते, आणि ती गुप्त ठेवायची ही अट असते. लिनक्सवरच्या मुक्त सॉफ्टवेअरचा सोर्स कोड सगळ्यांसाठी उघडा. त्यात गुपित ठेवायचं कुठे? खरी अडचण ही आहे.

1999 साली नॉर्वेतल्या योन योहान्सेन या 15 वर्षांच्या मुलाने साथीदारांसह हे कुलूप उघडणारा डीसीएसएस हा प्रोग्राम बाहेर आणला. त्याच्यावर खटला भरला गेला. 2003 मध्ये तो आधी खालच्या आणि मग वरच्या न्यायालयात निर्दोष सुटला. स्वतः विकत घेतलेली तबकडी स्वतः पाहणं हा गुन्हा कसा ठरेल? मला तो निकाल आजही मोलाचा वाटतो.

उबुंटूवर काय करायचं

व्हीएलसी हा प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचीच लिबडीव्हीडीसीएसएस नावाची लायब्ररी आहे. कुलपाची किल्ली फक्त 40 बिटांची आणि रचनाही कच्ची, त्यामुळे ही लायब्ररी गरज पडल्यास किल्ली स्वतःच शोधून काढते.

कायदेशीर कारणांमुळे उबुंटू ती तयार स्वरूपात देत नाही. त्याऐवजी मल्टिव्हर्स विभागात ‘लिबडीव्हीडी-पीकेजी’ हे पॅकेज मिळतं. ते टाकल्यावर काम झालं असं वाटतं, आणि इथेच पुष्कळ जण फसतात. त्यानंतर टर्मिनलमध्ये ‘डीपीकेजी-रीकॉन्फिगर’ ही आज्ञा याच पॅकेजचं नाव देऊन, सुडोसकट चालवावी लागते. तेव्हा कुठे सोर्स कोड उतरतो आणि लायब्ररी तुमच्याच संगणकावर तयार होते. इंटरनेट चालू ठेवा. फेडोरावर हीच लायब्ररी आरपीएम फ्यूजनच्या ‘टेंटेड’ भांडारातून मिळते.

मग व्हीएलसी उघडून ‘मीडिया’ मेनूतून ‘ओपन डिस्क’ निवडा. पहिल्यांदा थोडा वेळ लागला तर घाबरू नका, किल्ली शोधणं चालू असतं.

कायद्याचं काय

आपल्या कॉपीराइट कायद्यात 2012 साली 65अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं हा त्यात गुन्हा आहे. या कलमात हेतूला महत्त्व आहे, म्हणून विकत घेतलेली डीव्हीडी घरी पाहणं आणि तिच्या प्रती काढून विकणं यांची गल्लत करू नये. अमेरिकेतला 1998 चा कायदा याहून कडक आहे. तिथे राहणाऱ्यांनी तो वाचून घ्यावा.

तरीही चालत नसेल तर

प्रदेशाचा क्रमांक पाहा. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेले आहेत. भारत पाचव्या विभागात येतो, अमेरिका पहिल्या. न्यू जर्सीच्या मावशीने तिकडची डीव्हीडी पाठवली, तर इथला ड्राइव्ह किल्ली द्यायला नकार देऊ शकतो. कोऱ्या ड्राइव्हवर विभाग ठरवलेलाच नसेल तरी हेच होतं. ‘रीजनसेट’ हा छोटा प्रोग्राम तो विभाग ठरवून देतो. पण ड्राइव्हमध्ये हा बदल फक्त पाच वेळा करता येतो, त्यानंतर शेवटचा क्रमांक कायमचा राहतो. म्हणून घरातल्या जास्तीत जास्त डीव्हीडी कुठल्या विभागाच्या आहेत ते वेष्टनावर आधी पाहा, आणि मगच आकडा टाका.