शांततेची शिक्षा

मुलीकडे अमेरिकेत गेले की, ‘आई, या वेळी काय बघायचं?’ हा प्रश्न ठरलेला. या खेपेला मी म्हटलं, ‘फिलाडेल्फियाचा जुना तुरुंग.’ जावई हसले, पण घेऊन गेले.

ईस्टर्न स्टेट पेनिटेन्शिअरी १८२९ मध्ये सुरू झाली, १९७१ मध्ये बंद पडली. आता तिथं संग्रहालय आहे. मधोमध मनोरा आणि चाकाच्या आऱ्यांसारख्या पसरलेल्या सात मूळ बराकी. अंदमानची सेल्युलर जेल पाहिलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

हा तुरुंग दुष्ट माणसांनी उभारला नव्हता, हे आधी सांगायला हवं. त्या काळच्या तुरुंगांत चोर, दरोडेखोर आणि कर्जबुडवे एकाच खोलीत कोंडलेले असत. ते पाहून हळहळलेल्या क्वेकर पंथीयांनी आणि डॉ. बेंजामिन रश यांच्यासारख्या सज्जनांनी १७८७ मध्ये सुधारणेसाठी संस्था काढली. माणूस एकटा राहिला, तर अंतर्मुख होईल, पश्चात्ताप करील, अशी त्यांची श्रद्धा होती.

म्हणून प्रत्येकाला स्वतंत्र कोठडी. छताला झरोका, सोबतीला बायबल, विणकाम किंवा चपला-बूट शिवण्याचं काम. दिवसातून तासभर स्वतःच्या चिमुकल्या अंगणात फिरायचं. कोठडीबाहेर नेताना डोक्यावर बुरखा, म्हणजे दुसऱ्या कैद्याचा चेहराही दिसू नये. पहिला कैदी चार्ल्स विल्यम्स हा शेतकरी होता. घरफोडीबद्दल त्यानं इथं दोन वर्षं काढली.

चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये इथं आला होता. सुताच्या रंगातून रंग काढून भिंती रंगवणारा एक जर्मन कैदी त्याला भेटला. दुसरा एक खलाशी अकरा वर्षं कोठडीत होता. सुटका काही महिन्यांवर आली होती, तरी तो आपल्या हातांकडे नुसता बघत बसायचा. मनाला होणारी ही जखम शरीराच्या छळाहून भयंकर आहे, कारण ती कुणाला दिसत नाही, असं डिकन्सचं मत झालं. तरीही ही पद्धत अधिकृतपणे सोडायला १९१३ साल उजाडलं.

मी वाकून एका कोठडीत शिरले. दार लोटून घेतलं. पाच मिनिटं उभी राहायचं ठरवलं होतं. दोनच मिनिटांत स्वतःचा श्वास मोठ्यानं ऐकू यायला लागला. आपण मुलांना ‘जा, एकटा बस, विचार कर’ म्हणतो, ते आठवलं. हेतू चांगलाच असतो. इथंही चांगलाच होता.

तेवढ्यात बाहेरून लेकीची हाक आली, ‘आई, कुठं आहेस?’

ती हाक इतकी गोड यापूर्वी कधी लागली नव्हती.