गाठ मोठी, पण स्रवते काय?

मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीत एक सेंटिमीटरहून मोठी गाठ आढळली, की मिरजोळ्यातील कुटुंबाच्या डोळ्यांपुढे मुंबई उभी राहते आणि पाठोपाठ कर्ज. वास्तविक अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात. खरा प्रश्न आकाराइतकाच संप्रेरकाचा आहे. गाठ प्रोलॅक्टिन स्रवत असेल, तर ती मोठी असूनही आठवड्यातून एकदोनदा घ्यावयाच्या कॅबरगोलिनच्या गोळ्यांनी बहुतेकदा आक्रसते. शस्त्र क्वचितच लागते. म्हणून रक्ततपासणी आधी, मुंबईचे तिकीट नंतर. (दृष्टी झपाट्याने अधू होत असल्यास मात्र विलंब नको.)

वाढीचे संप्रेरक स्रवणाऱ्या गाठीचा हिशेब निराळा. जबडा, हातपाय रुंदावतात, चपला लहान पडतात. निदानाला वर्षे लागतात. तेथे नाकावाटे शस्त्रक्रिया हाच पहिला उपाय. परंतु मोठी गाठ पुष्कळदा पुरती निघत नाही. उरतात दरमहाची ऑक्ट्रिओटाइडची महागडी इंजेक्शने, किंवा किरणोपचार, ज्यांचा गुण येण्यास कित्येक वर्षे लागतात. शस्त्रक्रिया हा एकवेळचा खर्च, इंजेक्शन हा आवर्ती. सरकारी आरोग्ययोजनांची रचना मुख्यतः रुग्णालयातील भरतीभोवती आहे. घरी परतल्यानंतरच्या या आवर्ती खर्चाची तरतूद त्यांत प्रथम व्हावयास हवी.