‘आफ्रोफ्युचरिझम’ची प्रदर्शने संग्रहालयाच्या भिंतींबाहेर का जातात?

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियम ऑफ आर्टमध्ये, म्हणजे ‘मेट’मध्ये, जुन्या काळच्या सजवलेल्या खोल्या आहेत. अठराव्या शतकातली फ्रेंच श्रीमंताची बैठक, अमेरिकेतल्या सधन घराचा दिवाणखाना वगैरे. त्या काळी माणसे कशी राहत हे समजावे, हा त्यामागचा हेतू. आता माणसे म्हणजे कोणती, तर बहुतेक पैसेवाली आणि गोरी. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच संग्रहालयात एक नवी खोली उघडली. ती कधीच अस्तित्वात नसलेल्या घराची आहे. १८५७ मध्ये पाडलेली कृष्णवर्णीयांची वस्ती तशीच टिकली असती आणि भरभराटीला आली असती, तर तिथले एखादे घर कसे दिसले असते, याची ती कल्पना. ‘ब्लॅक पँथर’ चित्रपटाच्या कलादिग्दर्शनासाठी ऑस्कर मिळवलेल्या हॅना बीचलर यांनी अभ्यासक मिशेल कमांडर आणि मेटच्या तज्ज्ञांच्या साथीने ती उभारली.

वस्तीचे नाव सेनेका व्हिलेज. मेटच्या दारातून निघून सेंट्रल पार्क आडवा ओलांडला की पंधराएक मिनिटांत तिची जागा येते. संग्रहालयाची इमारतही याच पार्कच्या जमिनीवर उभी आहे.

सेनेका व्हिलेजचे काय झाले?

१८२५ मध्ये अँड्र्यू विल्यम्स या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाने इथे १२५ डॉलरला तीन भूखंड घेतले. पाठोपाठ इतरही आले. घरे झाली, तीन चर्च झाली, शाळा झाली. १८५५ च्या सुमारास वस्ती सव्वादोनशेच्या आसपास होती. साधारण दोनतृतीयांश लोक कृष्णवर्णीय, बाकीचे बहुतेक आयरिश स्थलांतरित.

इथे जमिनीला घरापलीकडचा अर्थ होता. न्यूयॉर्क राज्याच्या १८२१ च्या घटनेनुसार कृष्णवर्णीय पुरुषाला मत द्यायचे तर त्याच्या नावावर २५० डॉलरची मालमत्ता लागे. गोऱ्यांना अशी अट राहिली नाही. १८४५ मध्ये शहरात मतदानाला पात्र कृष्णवर्णीय जेमतेम शंभर होते आणि त्यांतले दहा या छोट्या वस्तीतले. भूखंड हातात असणे म्हणजे नागरिक असणे, इतका सरळ हिशेब होता.

मग शहराला मोठी बाग हवी झाली. सार्वजनिक कामासाठी जमीन ताब्यात घेण्याच्या कायद्याने वस्ती उठवली गेली. विल्यम्स यांनी घर आणि भूखंडांचे ३,५०० डॉलर मागितले होते, मिळाले २,३३५. भाडेकरूंना काहीच नाही. वर्तमानपत्रांनी त्याआधीच या लोकांना झोपड्यांतले घुसखोर ठरवून टाकले होते. (धरणात किंवा प्रकल्पात गाव गेलेल्या कुणालाही ही गोष्ट नवी वाटणार नाही.) त्यानंतर शतकाहून अधिक काळ ही वस्ती शहराच्या आठवणीतूनच गेली. २०११ मध्ये पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले तेव्हा लोखंडी किटली, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे आणि लहान मुलाच्या बुटाचा तळ सापडला.

पण यात ‘फ्युचर’ कुठे आले?

‘आफ्रोफ्युचरिझम’ हा शब्द १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मार्क डेरी या गोऱ्या समीक्षकाने रूढ केला. त्याचा प्रश्न असा होता: ज्यांचा भूतकाळ ठरवून पुसला गेला, ज्यांची ऊर्जा त्या इतिहासाच्या खुणा शोधण्यातच खर्च झाली, ते भविष्याची कल्पना करू शकतात का? कृष्णवर्णीय कलावंतांचे म्हणणे, आम्ही ते कधीपासून करतोच आहोत. तुम्ही फक्त नाव दिलेत. ऑक्टेव्हिया बटलर यांच्या ‘किंड्रेड’ (१९७९) या कादंबरीत विसाव्या शतकातली स्त्री अचानक गुलामगिरीच्या काळातल्या मळ्यावर खेचली जाते. भूतकाळाशी हिशेब केल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे या परंपरेत वारंवार येते. म्हणून मेटच्या खोलीत एकोणिसाव्या शतकाची चूल आणि पाच बाजूंचा टीव्ही शेजारी शेजारी नांदतात.

मग कार्यक्रमांची गरज काय?

खरी गोम या खोलीच्या स्वरूपातच आहे. तिच्याभोवती फिरायचे, आत डोकावायचे, पण आत जाऊन बसायचे नाही. सुंदर, पण काचेपलीकडचे. आणि आफ्रोफ्युचरिझम मुळात काचेपलीकडे जन्मलेला नाहीच. तो वाढला बँडमध्ये, स्वस्त विज्ञानकथांच्या मासिकांत, कॉमिक्समध्ये, नाचाच्या रात्रींत. भिंतीवर टांगलेली वस्तू त्यातला थोडाच भाग सांगते.

सन रा याचेच पाहा. १९१४ मध्ये वर्णभेदाने ग्रासलेल्या अलाबामात जन्मलेला हा जॅझ संगीतकार आपण शनी ग्रहावरून आलो असे सांगे. झगमगीत पोशाखातला त्याचा ‘आर्केस्ट्रा’ गात-वाजवत प्रेक्षकांतून फिरे. थट्टा वाटावी अशी गोष्ट. पण ज्या देशात आपल्याला माणूस मानत नाहीत, तिथले आपण नाहीच, असे म्हणण्यात एक बोचरा तर्क आहे. त्याचा पोशाख संग्रहालयात ठेवता येईल. तो तर्क मात्र वाद्ये वाजू लागली की उमगतो. फेब्रुवारी २०२२ मध्ये, मेटची खोली उघडल्यावर काही महिन्यांनी, कार्नेगी हॉलने शहरभर आफ्रोफ्युचरिझमचा महोत्सव भरवला. सन रा १९९३ मध्ये वारला असला तरी त्याचा ‘आर्केस्ट्रा’ त्यात वाजला. मैफलींच्या जोडीला इतर संस्थांमध्ये व्याख्याने, चित्रपट आणि चर्चाही झाल्या.

वाचन आणि चर्चेचे कामही असेच. या परंपरेच्या आरंभीच्या कथांमध्ये डब्ल्यू. ई. बी. डुबॉईस यांची ‘द कॉमेट’ (१९२०) गणली जाते. हे तेच डुबॉईस, ज्यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये पत्र लिहून, अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. कथेत धूमकेतूच्या विषारी वायूने न्यूयॉर्क मरून पडते. बँकेच्या तळघरात पाठवलेला कृष्णवर्णीय कर्मचारी आणि एक श्रीमंत गोरी तरुणी तेवढी वाचतात. जग संपले असे वाटते तोवर दोघे नुसती माणसे असतात. मग कळते की शहराबाहेरचे लोक जिवंत आहेत. ते येतात आणि वर्णाची भिंत क्षणात पुन्हा उभी राहते. ही गोष्ट एकट्याने वाचणे वेगळे आणि भरल्या सभागृहात तिच्यावर वाद घालणे वेगळे.

आक्षेपही आहेत आणि ते रास्त आहेत. मोठ्या सभागृहातल्या मैफलीला तिकीट लागते, मेटमध्येही राज्याबाहेरच्या पाहुण्याला प्रवेशशुल्क भरावे लागते. स्वातंत्र्याची कल्पना पाहायला कोण येते, हे त्याने बरेचसे ठरते. शिवाय बेदखल झालेल्यांच्या वंशजांना एका देखण्या खोलीने काय मिळाले, हा प्रश्न कुठलाही कार्यक्रम मिटवत नाही. फार तर तो तिथे मोठ्याने विचारता येतो.

सेंट्रल पार्कमध्ये मात्र तिकीट नाही. २०१९ पासून पार्कची देखभाल करणाऱ्या संस्थेने सेनेका व्हिलेजच्या जागी माहितीफलक लावले आहेत आणि वाटाड्यांसह फेऱ्याही काढल्या जातात. पाहण्यासारखे तिथे फारसे काही नाही: उतार, झाडे, वर आलेले खडक. फलक सांगतो तेव्हा कळते, इथे चर्च होते, इथे घर होते. मेटची खोली पाहून बाग ओलांडणाऱ्याला त्या गवतावर भिंती स्वतःच उभ्या कराव्या लागतात.