डोंगरवाटेची राखण

सायकलवर बसून डोंगर उतरायचा, ही हौस ऐकूनच आपल्याकडची वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतील! वेल्समधल्या कोइड अ ब्रेनिन या अरण्यात मात्र १९९० नंतरच्या दशकात अशा सायकलींसाठी मुद्दाम वाटा बांधल्या गेल्या. ब्रिटनमध्ये या तऱ्हेचे ते पहिलेच ठिकाण.

मला नवल वाटते ते स्वारांचे नव्हे, वाटा राखणाऱ्यांचे. वाटेचा खरा वैरी चाक नव्हे, पाणी. ते वाटेवर साचले तर चिखल, आणि वाटेनेच धावू लागले तर वाटेचा ओढा. आपल्या घाटांतल्या पाऊलवाटांचे आषाढात काय होते ते आठवा. म्हणून वाट सरळ खाली न सोडता डोंगराच्या कुशीतून तिरपी न्यायची. तिचा उतार डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमीच ठेवायचा. दरीकडची कड किंचित कलती ठेवायची. पण चाकांनी मधोमध घळ पडली, की कड कलती असून उपयोग नाही. पाणी आतल्या आत धावते. वळणाआधी जो तो ब्रेक दाबतो, तिथे मातीला वळ्या पडतात. त्या फोडा, खडी घाला, चोपा. महिन्याभराने पुन्हा तेच!

या वाटांना तिकीट नाही. पैसा गाड्या उभ्या करण्याचा आणि चहाफराळाचा. मार्च २०२५ अखेर सरकारी संस्थेने तिथले उपाहारगृह व दुकान बंद केले. वाटा खुल्या राहिल्या. केंद्र आपण चालवू म्हणून गावकरी पुढे आले. चहा काय, कोणीही करील. फावडे उचलणारी माणसे मिळवायची आहेत, आणि वेल्समध्ये पाऊस बारमाही.