रोबोच्या मदतीने गुडघ्याचे सांधेरोपण

गुडघ्यात मांडीचे हाड, नडगीचे हाड आणि वाटी यांचा सांधा असतो. या हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वय, वाढलेले वजन, जुनी दुखापत, आनुवंशिकता आणि वर्षानुवर्षांचे कष्ट यांमुळे हे आवरण झिजते आणि हाडावर हाड घासू लागते. गुडघा सुजतो, आखडतो, पुढे पाय धनुष्यासारखा बाकदार होतो. सपाट रस्त्यावर चालतानाही गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट भार पडतो; पायऱ्या चढता-उतरताना तो आणखी वाढतो. कोल्हापूर भागात उकिडवे बसून भांगलण करणाऱ्या बायकांना किंवा जोतिबाच्या पायऱ्या चढणाऱ्या वयस्कांना या दुखण्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

प्रत्येक गुडघेदुखीला शस्त्रक्रिया लागत नाही. वजन घटवणे, मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, हातात काठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेली औषधे यांनी अनेकांचे भागते. एवढे करूनही रात्रीची झोप मोडत असेल, घरातल्या घरात चालणे कठीण झाले असेल आणि एक्स-रेमध्ये झीज स्पष्ट दिसत असेल, तर सांधेरोपणाचा विचार केला जातो.

या शस्त्रक्रियेत हाडांची झिजलेली टोके पातळ कापून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिइथिलीनची चकती ठेवतात. आजच्या सांध्यांचा पाया घालणारा ‘टोटल काँडायलर’ सांधा 1974 मध्ये न्यूयॉर्कमध्ये वापरात आला. तो घडवणाऱ्यांत डॉ. चित्तरंजन राणावत हे भारतीय वंशाचे शल्यविशारद होते. त्यांनीच 2000 आणि 2001 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या दोन्ही गुडघ्यांचे सांधेरोपण केले.

सांधा टिकण्यासाठी हाडाचा काप योग्य कोनात बसावा लागतो आणि दोन्ही बाजूंच्या अस्थिबंधांचा ताण समतोल असावा लागतो. रोबोचा उपयोग इथे होतो. काही यंत्रणांत आधी सीटी स्कॅनवरून गुडघ्याची त्रिमितीय प्रतिकृती तयार होते. काहींत शस्त्रक्रियेच्या वेळीच हाडांच्या पृष्ठभागाची नोंद घेतली जाते. हाडांत बसवलेल्या पिनांवरील खुणा कॅमेरा टिपतो, त्यामुळे पायाची प्रत्येक हालचाल पडद्यावर दिसते. सर्जन सांध्याचे माप आणि कापाचा कोन ठरवतात. करवत ठरलेल्या हद्दीबाहेर जाऊ लागली, तर अनेक यंत्रणांत रोबोचा हात तिला रोखतो. निर्णय आणि जबाबदारी मात्र सर्जनचीच राहते.

रोबोमुळे काप अधिक अचूक येतात, हे अभ्यासांतून दिसले आहे. पण अचूकतेमुळे दुखणे कमी होते किंवा सांधा जास्त वर्षे टिकतो, असे ठामपणे सिद्ध झालेले नाही. जुन्या पिढीतील रोबोवर कोरियात झालेल्या आणि 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात पारंपरिक आणि रोबोटिक पद्धतींच्या निकालांत लक्षणीय फरक आढळला नाही. पारंपरिक पद्धतीचेही यश मोठे आहे: 2019 च्या एका आंतरराष्ट्रीय विश्लेषणानुसार संपूर्ण सांधेरोपण झालेले सुमारे 82 टक्के गुडघे 25 वर्षे टिकतात.

केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये कृत्रिम गुडघ्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. रुग्णालयाचा खर्च आणि रोबोच्या वापराचा आकार त्याव्यतिरिक्त असतो. म्हणून एकूण खर्च, विम्याचे संरक्षण, सरकारी योजनेचा लाभ आणि सर्जनचा अनुभव यांची चौकशी आधीच करावी. मधुमेह आटोक्यात आणावा आणि दात, लघवी किंवा त्वचेचा संसर्ग असल्यास तो बरा करून घ्यावा, कारण कृत्रिम सांध्यातला जंतुसंसर्ग फार त्रासदायक ठरतो. रक्ताच्या गुठळ्या होण्याचाही धोका असतो.

बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेच्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे राहतात. पुढचे काही महिने गुडघा वाकवण्याचे आणि सरळ करण्याचे व्यायाम नेमाने करावे लागतात. हे व्यायाम टाळले, तर उत्तम बसवलेला सांधाही आखडून राहतो. त्यामुळे रुग्णालय निवडताना तिथे रोबो आहे का, एवढेच न पाहता अनुभवी सर्जन आणि चांगली फिजिओथेरपी मिळेल का, हे आधी पाहावे.